स्विंग आणि इव्हेंट डिस्पॅच थ्रेड

जावा भाषेत खिडक्या, बटणे, तक्ते असे दृश्य घटक (विजेट) उभारण्याचे साधन म्हणजे स्विंग. डिसेंबर १९९८ मधील जावा १.२ पासून ते भाषेच्या मूळ संचात आहे. मोजके अपवाद सोडल्यास त्याचे घटक थ्रेड-सुरक्षित नाहीत, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडनी (प्रोग्रॅममधील समांतर चालणाऱ्या कामांनी) वापरायला सुरक्षित नाहीत, आणि हे अनवधान नव्हे. माऊसची क्लिक वापरकर्त्याकडून आत जाते, तर पडदा रंगवण्याची आज्ञा प्रोग्रॅमकडून बाहेर येते. दोन्ही वाटांवर कुलपे घातली, की ती उलट्या क्रमाने घेतली जाऊन दोन थ्रेड एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू शकतात. म्हणून घटकांना हात लावण्याचा अधिकार एकट्या इव्हेंट डिस्पॅच थ्रेडला, म्हणजे क्लिकसारख्या घटना रांगेतून एकेक करून हाताळणाऱ्या थ्रेडला दिला. इतर थ्रेडनी आपले काम ‘इन्व्होकलेटर’ने त्याच्या रांगेत ठेवायचे.

नियमाची दुसरी बाजू, म्हणजे या थ्रेडवर वेळखाऊ काम करायचे नाही, हे नवशिके हमखास विसरतात. बटणाच्या लिसनरमध्येच (क्लिक झाल्यावर डिस्पॅच थ्रेडवर चालणाऱ्या कोडमध्ये) अवजड फाइल वाचायला घेतली, की रांग तुंबते, खिडकी गोठते आणि वापरकर्ता चिडून पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतो. अशा कामासाठी ‘स्विंगवर्कर’ आहे: त्यातील ‘डूइनबॅकग्राउंड’ वेगळ्या थ्रेडवर चालते, तर ‘डन’ डिस्पॅच थ्रेडवर. २००६ मधील जावा ६ पासून तो मूळ संचात मिळतो.