फळ पाहून पैसा

काम पाहून पैसा, हे सूत्र कामगाराला नवे नाही. उक्त्या कामाचा हिशेब आम्ही संघटनेची माणसे जन्मभर करीत आलो. तरुणांना कौशल्य शिकविणाऱ्या संस्थांनाही आता हेच सूत्र लागत आहे. म्हणून त्याचा मागचा इतिहास चाळणे अगत्याचे आहे.

१८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आले. अनुदान हजेरीवर आणि वाचन, लेखन, अंकगणित यांच्या परीक्षेवर ठरे. मूल एका विषयात नापास झाले की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स बुडत. परिणाम काय झाला? शाळा या तीन विषयांपुरत्या आखडल्या. मुले धडा समजून घेण्याऐवजी घोकू लागली. शाळातपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या यांत्रिकपणावर कोरडे ओढले. १८७० साली शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिने या पद्धतीशी झुंज घेतली. १८९० पासून ती मोडीत निघाली. आमच्या मुंबई इलाख्यातही १८६० नंतरच्या दशकात अनुदानाला हीच कसोटी लागली होती.

आता २०२१ कडे येऊ. त्या वर्षी राष्ट्रीय कौशल्य विकास निगम, ब्रिटिश एशियन ट्रस्ट आदींनी ‘स्किल इम्पॅक्ट बाँड’ जाहीर केला. रक्कम १ कोटी ४४ लाख डॉलर. उद्दिष्ट ५०,००० तरुणांचे, त्यांत ६० टक्के मुली व स्त्रिया. गुंतवणूकदाराने आधी भांडवल घालावे, त्रयस्थाने फळ तपासावे, आणि फळ आले तरच देणगीदाराने रक्कम फेडावी, अशी ही रचना. नुसत्या प्रमाणपत्रावर न थांबता नोकरी लागणे आणि ती तीन महिने टिकणे यावर तिचा भर आहे. हे पाऊल पुढचेच, हे आम्ही मोकळ्या मनाने मानतो.

परंतु, श्रोतेहो, चौथ्या महिन्यात कामावरून कमी झालेली मुलगी या हिशेबात यशस्वीच ठरते. शिकायला जड जाणारा मुलगा दारातूनच परत पाठविण्याचा मोहही संस्थेला होणारच. जे मोजाल तेवढेच पिकेल, हा १८६२ चा धडा आहे. म्हणून फळ मोजताना नेमणूकपत्र, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि वर्षभराची नोकरी यांची मोजदाद झाली पाहिजे. आणि फळ म्हणजे काय हे ठरविणाऱ्या बैठकीत, पैसा घालणाऱ्यांच्या शेजारी, कामगारांच्या प्रतिनिधीलाही जागा हवी.