मळीपासून उसापर्यंत : इंधन-मद्यार्काच्या सरकारी चौकश्या आणि सोलापूर जिल्हा

परदेशातून येणाऱ्या पेट्रोलच्या जागी आपल्या शेतात निपजणारे इंधन वापरता येईल काय, हा प्रश्न हिंदुस्थानातील शासनसंस्थेने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून वेळोवेळी विचारला आहे. चौकश्या झाल्या, अहवाल निघाले, कायदे झाले आणि काही रद्दही झाले. या चौकश्यांची उत्तरे काय आली एवढेच पाहून इतिहासाच्या अभ्यासकाचे समाधान होऊ नये. प्रत्येक चौकशीने कोणती टंचाई हिशेबात धरली आणि कोणती बाहेर ठेवली, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्हा दृष्टीसमोर ठेवून या मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

१९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर जकातीची भिंत उभी केली आणि देशातील कारखान्यांची संख्या सुमारे ३० वरून चारपाच वर्षांत १३० च्या वर गेली. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरचा कारखाना उभारला, तो याच लाटेत. चंद्रशेखर आगाशे यांचा श्रीपूरचा कारखानाही त्याच दशकातला. साखरेबरोबर मळीही वाढली. तिला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते आणि टाकून द्यावी तर दुर्गंधीचा उपद्रव होई. संयुक्त प्रांत व बिहार या सरकारांनी १९३८ मध्ये पॉवर अल्कोहोल व मळी यांविषयी संयुक्त चौकशी समिती नेमली, तिच्या नावातच तिच्या प्रश्नाचे मूळ दिसते. इंधनाची चौकशी ही मळीच्या विल्हेवाटीची चौकशी होती.

नेहमीच्या आसवनीतून निघणाऱ्या मद्यार्कात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी राहते आणि असा मद्यार्क पेट्रोलमध्ये नीट मिसळून राहत नाही. त्यासाठी ९९.५ टक्के शुद्धतेचा निर्जल मद्यार्क लागतो. ही रसायनविद्या त्या काळी ज्ञात होती. पुढे महायुद्धातील पेट्रोलच्या नियंत्रणाने या प्रश्नाला निकड आली आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा संमत झाला. तथापि स्वस्त खनिज तेलाच्या काळात मद्यार्काचा ओघ इंधनापेक्षा रासायनिक उद्योगांकडे व मद्यनिर्मितीकडे वळला. मुंबई राज्यात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे मद्यार्काच्या प्रत्येक थेंबावर अबकारी खात्याची नजर होती. निरुपयोगी ठरलेला १९४८ चा कायदा २००० साली रद्द करण्यात आला. त्यानंतरच्याच वर्षी मिरज, मनमाड व बरेलीजवळ पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले आणि २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाचे धोरण आले.

येथपर्यंतच्या सर्व प्रयत्नांना एक नैसर्गिक मर्यादा होती. साखर काढून झाल्यावर उरलेल्या अंतिम मळीपासून, एक टन उसामागे, सुमारे १० ते ११ लिटर मद्यार्क मिळतो. ऊस साखरेसाठीच लावला जात होता आणि इंधन हे त्याचे उपफल होते. त्याच्यासाठी कोणी एक एकरही अधिक ऊस लावीत नव्हते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने ही मर्यादा ओलांडली. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यास त्याने मुभा दिली, आणि एका टनामागे मिळणारे इंधन सुमारे ७० लिटरपर्यंत गेले. उपफलाचे आता पीक झाले.

या नव्या अवस्थेचा प्रमुख दस्तऐवज म्हणजे राकेश सरवाल यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीचा, नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल. वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० ऐवजी २०२५-२६ पर्यंत गाठण्याचा आराखडा त्यात आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या इथेनॉलचा अंदाज १०१६ कोटी लिटर इतका आहे. याच अहवालात असेही नमूद आहे की, एक किलो साखरेच्या उसाला १६०० ते २००० लिटर पाणी लागते आणि म्हणून साखरेपासून केलेल्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी खर्च होते.

हा आकडा पुष्कळदा उद्धृत होतो. त्याची परीक्षा मात्र क्वचित होते. एका टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल, असे अहवालाचे प्रमाण आहे. २८६० ला ७० ने गुणले असता सुमारे दोन लक्ष लिटर येतात. म्हणजे किलोमागे २००० लिटर ही वरची मर्यादाच येथे धरली आहे. खालची मर्यादा घेतल्यास आकडा २३०० च्या आत येतो. शिवाय अंतिम मळीपासूनच्या इथेनॉलला हा हिशेब लागू करता येत नाही, कारण ते पाणी साखरेच्या खाती आधीच पडलेले असते. दोष दाखवूनही निष्कर्ष मात्र ढळत नाही. रसापासून इथेनॉल करावयाचे तर लिटरमागे दोन हजारांहून अधिक लिटर पाणी मोजावेच लागते.

आता सोलापूरकडे वळू. या जिल्ह्याचा वार्षिक पर्जन्य सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास. १९३० च्या दशकात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी केंद्र उघडले गेले ते याच शहरात, आणि मालदांडी ज्वारीचा प्रसिद्ध वाण निवडला गेला तो मोहोळला. ज्या जिल्ह्याने अल्प पाण्याच्या शेतीची विद्या देशाला दिली, तोच नीरेच्या कालव्यावर आणि १९८० नंतर उजनीच्या पाण्यावर उसाचा आगर झाला. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा या विसंगतीची किंमत दिसली. उजनीचा साठा मृतसाठ्यात उतरला. राज्यातील ऊस घटण्याच्या भीतीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर रोजी रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली आणि आठवडाभरातच ती १७ लक्ष टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सैल केली. आखातातील तेलावरचे अवलंबन कमी करताना आपण मृगाच्या पावसावरचे अवलंबन वाढवीत होतो.

या संदर्भात सोलापूरच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या फलटणचा प्रयत्न आठवतो. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकापासून गोड ज्वारीच्या ताटांपासून इथेनॉल काढण्याचे संशोधन केले आणि अनिल राजवंशी यांनी संपूर्ण तालुका हे ऊर्जा-स्वावलंबनाचे एकक मानून विचार मांडला. गोड ज्वारीच्याही अडचणी आहेत. कापणीनंतर तिचा रस लवकर बिघडतो, हंगाम अल्प असतो आणि आपल्याकडे ज्वारीच्या ताटावर गुरांचा पहिला हक्क असतो. परंतु येथे प्रश्नच निराळा विचारला गेला होता : या भूमीला, या पाण्यात, किती इंधन देता येईल?

२०२५ मध्ये देशाने वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले, हे यश लहान नव्हे. त्यात मक्याचा मोठा वाटा आहे, आणि कमी पाण्याच्या पिकांकडे वळण्याची शिफारस २०२१ च्या अहवालातच होती. तरीही एक गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. १९३८ च्या समितीपुढे मळीची अडचण होती, २०२१ च्या समितीपुढे परकीय चलनाची. पाण्याचा आकडा दुसऱ्या अहवालात आला खरा, परंतु तो सूचनेच्या रूपाने आला. निर्णयाच्या ताळेबंदात त्याला रकाना मिळाला नाही. राष्ट्राच्या हिशेबात जे स्वावलंबन ठरते, ते माढा, मोहोळ किंवा माळशिरस तालुक्याच्या हिशेबात तसेच ठरेल असे नाही. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हा तालुकावार ताळेबंद मांडण्याचे काम हाती घ्यावे. त्यासाठी लागणारी कालवे, कारखाने व पीकपाहणी यांची दप्तरे फार दूर नाहीत.