फुटलेल्या पेशीची साक्ष

‘सॅम्पल हिमोलाइज झालंय, पुन्हा रक्त द्यावं लागेल’ हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन बाहेर मिसळलं, असा त्याचा अर्थ. एरवी फिकट पिवळं दिसणारं सीरम मग गुलाबी किंवा लाल दिसतं. आज हा दोष मानतात. पण शंभर वर्षांपूर्वी हीच लाली प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणत आणि तिच्यावर निदान ठरत असे. एकच घटना एका काळात पुरावा आणि दुसऱ्या काळात अडथळा कशी ठरते, हा आजचा प्रश्न.

1898 साली ज्यूल बोर्दे यांनी दाखवलं, की एका प्राण्याला दुसऱ्या जातीच्या तांबड्या पेशी टोचल्या, तर त्याचं सीरम त्या पेशी फोडू लागतं. त्यासाठी दोन घटक लागतात. एक उष्णतेला टिकतो. दुसरा टिकत नाही, त्याला पुढे ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणू लागले. या ज्ञानावर 1906 मध्ये वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशाची चाचणी उभारली. तिचं तर्कशास्त्र बघा. रुग्णाच्या सीरममध्ये प्रतिपिंड असतील, तर ते कॉम्प्लिमेंट आधीच खर्च करून टाकतात. नंतर घातलेल्या मेंढीच्या पेशी फुटत नाहीत, तळाशी बसतात. म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह. पेशी फुटून नळी लाल झाली, तर निगेटिव्ह. माणसाच्या आजाराबद्दल साक्ष कोण देतं? मेंढीची पेशी!

ल्वूव शहरातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लुडविक फ्लेक यांनी 1935 साली याच चाचणीवर एक पुस्तक लिहिलं. चाचणीत वापरायचा अर्क सुरुवातीला उपदंशग्रस्त अवयवांचा असे. पुढे निरोगी अवयवाचा अर्कही चालतो, असं आढळलं. म्हणजे मूळ गृहीतक डळमळलं, तरी चाचणी टिकली. फ्लेक म्हणतात, वैज्ञानिक तथ्य एकट्यादुकट्याच्या डोळ्यांना आयतं सापडत नाही. काय पाहायचं हे शिकलेला विचारसमूह ते घडवतो. थॉमस कून यांनी 1962 च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत फ्लेक यांचा उल्लेख केला आहे.

पुढे रक्तातले क्षार आणि एन्झाइम मोजणं रोजचं झालं, आणि त्या लालीचा अर्थ पालटला. तांबड्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त असतं. पेशी नळीत फुटली की ते बाहेर येतं आणि आकडा फुगतो. एलडीएचचंही तसंच. शिवाय हिमोग्लोबिन स्वतः प्रकाश शोषतं, त्यामुळे रंगावरून मोजणाऱ्या चाचण्या बिघडतात. कारणं साधी असतात: फार बारीक सुई, सिरिंजचा जोराचा ओढा, नळी खसाखसा हलवणं.

आता तुम्ही म्हणाल, आकडा थोडा वाढला तर एवढं काय बिघडलं? समजा, रुग्णाचं खरं पोटॅशियम 2.8 आहे, म्हणजे हृदयाच्या लयीला धोका. फुटलेल्या पेशींनी भर घातली आणि अहवालात 4 आलं. 3.5 ते 5 ही सर्वसाधारण मर्यादा. सगळं ठीक दिसतं. खोटा चिंताजनक आकडा निदान शंका तरी उत्पन्न करतो. खोटा समाधानकारक आकडा तेवढंही करत नाही.

1957 नंतर ऑटोअ‍ॅनालायझर आला. यंत्र नळीकडे बघत नाही. बघायचा तो तंत्रज्ञ. कामाचा वेग वाढला तशी ती नजर कमी पडू लागली. मग पुढच्या यंत्रांना वेगवेगळ्या तरंगलांबींवर सीरमची लाली मोजायला शिकवलं. आज तो ‘हिमोलिसिस इंडेक्स’ आकड्याच्या सोबतीला असतो. म्हणजे आधी गमावलेली नजरच आपण यंत्रात परत बसवली.

पण एक गोष्ट इंडेक्सला कळत नाही. पेशी सुईत फुटली की शरीरात? मलेरियात, न जुळणारं रक्त चढवल्यावर किंवा जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेत पेशी शरीरातच फुटतात. तिथे लाली हा दोष नसून तोच आजार असतो. असा नमुना ‘खराब’ म्हणून फेकला, तर आपण साक्षीदारालाच बाहेर काढलं. म्हणून काळजीपूर्वक घेतलेला दुसरा नमुनाही लाल आला, तर सुईला दोष देणं थांबवावं आणि रुग्णाकडे वळावं. हॅप्टोग्लोबिन कमी झालंय का, लघवीचा रंग बदललाय का, हे तपासावं.

अडथळा आणि पुरावा यांतली रेषा निसर्गाने आखून दिलेली नसते. आपण काय विचारतो, त्यावरून ती ठरते. नमुना नाकारणाऱ्यानेही नाकारण्याआधी एकदा विचारावं, की हा लाल का आहे?