नळ आधी आला, गटार मागाहून

आंबोलीच्या डोंगरात हिरण्यकेशीचा उगम आहे. तेथून निघालेली ही नदी आजरा आणि गडहिंग्लज मागे टाकून संकेश्वरास येते व पुढे घटप्रभेस मिळते. नदी लहान, पण तिच्या आधाराने ऊस उभा आहे, मिरचीचा बाजार आहे, सहकारी साखर कारखाना आहे. शंकराचार्यांच्या मठामुळे गावाला जुने नाव आहे आणि पुणे-बंगळूर हमरस्त्यामुळे नवी पेठ. २०११ च्या जनगणनेत संकेश्वरची वस्ती तीस हजारांच्या वर गेलेली होती. गाव एवढे वाढले म्हणजे नळाची मागणी होते आणि ती रास्तही असते. परंतु नळाने घरात आलेले पाणी वापरून झाल्यावर घराबाहेर कोठे जावयाचे, याचा विचार बहुधा नळ आल्यानंतर सुरू होतो. हा क्रम किती महाग पडतो, याचा दाखला पाहावयाचा तर मुंबईच्या इतिहासाकडे वळावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत संकेश्वर मुंबई राज्यातच होते. या भागातल्या नगरपालिकांचे कायदेही मुंबईतच घडले. तेव्हा हा दाखला परका नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरींवर व तलावांवर जगत होती. मुंबादेवीचा तलाव, गवालिया तलाव, कावसजी पटेलांचा तलाव, धोबी तलाव ही त्यांची नावे. तलाव बुजले, नावे मात्र रस्त्यांना व वस्त्यांना चिकटून राहिली. १८४९ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ५,६६,११९ भरली होती. १८५४ साली पावसाने ओढ दिली तेव्हा तलावांचे तळ दिसू लागले आणि पाणी वाचविण्यासाठी गुरे शहराबाहेर हलवावी लागली. मग हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे साष्टी बेटावर, मिठी नदीच्या खोऱ्यात, विहारचा तलाव बांधण्यास १८५६ साली प्रारंभ झाला. १८६० साली विहारचे पाणी नळाने मुंबईत आले. हिंदुस्थानात नगरपालिकेने केलेल्या अशा आरंभीच्या योजनांपैकी ती एक होती, आणि तिचे कौतुक झाले ते योग्यच होते.

येथे कॉनिबेअरला न्याय दिला पाहिजे. पाण्याचा विचार त्याने एकट्या पाण्यापुरता केला नव्हता. शहराच्या आरोग्यविषयक स्थितीवरील त्याचा अहवाल १८५५ साली छापला गेला, आणि गटारांची दुरवस्था हा त्यातला मोठा विषय होता. अहवाल वाचला गेला, फायलीत गेला. धरण मात्र बांधले गेले. असे का व्हावे, हे उमगणे कठीण नाही. तलाव डोळ्यांना दिसतो, त्याच्या काठी समारंभ करता येतो. गटार जमिनीखाली जाते, आणि ते चांगले चालले म्हणजे त्याची आठवणही कोणास होत नाही.

विहारचे पाणी आले आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळविले, आणि शहरात पैशाचा व माणसांचा पूर आला. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ निघाली. पंधरा वर्षांत अडीच लाख माणसांची भर! १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि १८७२ च्या गणनेत हाच आकडा ६,४४,४०५ वर आला. शहराची वाढ सरळ रेषेत होत नाही, हे या तीन आकड्यांवरून दिसते. नळ आणि गटार यांची आखणी करणाऱ्याला मात्र तीस वर्षे पुढचे पाहून नळीचा व्यास आजच ठरवावा लागतो.

नव्या पाण्याचे झाले काय? घागरीने पाणी आणणारे घर ते जपून वापरते. मोरीतून जे सांडते ते अंगणातली माती पिऊन टाकते. नळ आल्यावर तेच घर कितीतरी पट पाणी वापरते. मुंबईची जुनी गटारे होती ती मुख्यत्वे पावसाच्या पाण्यासाठी. बरीच उघडी, उतार बेताचा. त्यात शहराचा मधला सखल भाग समुद्राच्या भरतीच्या पातळीहून खाली. मुख्य गटार वरळीकडे समुद्रात सोडलेले होते. भरतीच्या वेळी त्याची दारे बंद ठेवावी लागत, आणि तेवढा वेळ शहरातले सांडपाणी मागे तुंबून राही. नळाने पाण्याची भर पडली ती या गटारांत आणि घरांच्या पायांखालच्या जमिनीत. शहर ओले झाले.

१८६५ साली आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याने रस्ते, सफाई, बाजार यांवर सढळ हाताने खर्च केला. पटकीचे बळी पुष्कळ घटले. पण खर्च इतका वाढला की १८७१ साली करदात्यांनी, नौरोजी फर्दुनजी प्रभृतींच्या पुढाकाराने, मोठे आंदोलन उभारले. क्रॉफर्डला जावे लागले आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. कर भरणाऱ्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे, हे त्यातून ठरले. परंतु निवडून येणाऱ्याला गटारासाठी पैसा मागणे किती जड जाते, तेही तेव्हापासून ठरून गेले. टुलक या अभियंत्याने १८७० नंतर पाणी व गटारे या दोहोंच्या योजना मांडल्या. पाण्याच्या योजना पुढे सरकल्या: १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा. भुयारी गटारांची कामे तुकड्यातुकड्याने होत राहिली. सखल भागातील मैलापाणी पंपाने उपसून समुद्रात टाकण्याची सोय वरळीजवळ लव्ह ग्रोव्ह येथे झाली, ती पहिल्या नळानंतर दोन दशकांहून अधिक काळाने.

तानसाचे पाणी येऊन चार वर्षे होतात न होतात तोच, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात प्लेग प्रकटला. तो प्रथम ओळखला मूळच्या गोव्यातील हडफडे गावच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पुढे ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्षही झाले. त्या वेळी अनेकांनी दोष दिला तो ओल्या जमिनीला आणि तुंबलेल्या गटारांना. गटारे समुद्राच्या पाण्याने व जंतुनाशकाने धुऊन काढण्यात आली. प्लेग थांबला नाही. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो. म्हणजे गटारांवर तो एक आरोप चुकीचा होता. इतिहास सांगताना हेही सांगावयास हवे. मात्र पटकी, विषमज्वर आणि कावीळ यांच्या बाबतीत दूषित पाण्यावरचा आरोप पुराव्यानिशी सिद्ध झालेला आहे.

तो पुरावा सर्वांत स्पष्ट मिळाला जर्मनीत. एल्ब नदीवर हॅम्बुर्ग हे मोठे बंदर, आणि त्याला खेटून, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, आल्टोना हे दुसरे शहर. १८४२ च्या आगीनंतर विल्यम लिंडले या इंग्रज अभियंत्याने हॅम्बुर्गला उत्तम भुयारी गटारे बांधून दिली होती. पण पिण्याचे पाणी नदीतून न गाळताच घेतले जात असे. आल्टोना तीच नदी, हॅम्बुर्गच्या मैल्यासह, पीत होते; परंतु वाळूच्या थरांतून संथपणे गाळून. १८९२ साली पटकी आली तेव्हा हॅम्बुर्गात साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. आल्टोना जवळजवळ बचावले. काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू या शहरात तर दुसरी त्या शहरात होती, आणि साथ नळाची हद्द पाळीत होती.

वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या विहिरीत येते, हे सीमाभागाला वेगळे सांगावयास नको. पंचगंगेच्या खालच्या अंगाला वसलेल्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ येऊन हजारो लोक आजारी पडले. त्याआधी १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगढ नाल्याचे मैलापाणी यमुनेत मागे सरकून पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचले आणि सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. दोन्ही शहरांत नळ होते.

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक पुस्तिकेत एक नियम होता, आणि त्याकडे प्रत्येक नगरसेवकाने एकदा तरी लक्ष द्यावे. ज्या गावात नळ आहेत पण भुयारी गटारे नाहीत, तेथे माणशी दररोज ७० लिटर पाणी धरावे. जेथे भुयारी गटारे आहेत किंवा व्हावयाची आहेत, तेथे १३५ लिटर. गटाराविना जादा पाणी देणे म्हणजे डबकी वाढविणे, हे त्यात गृहीत आहे. उलट पाणी थोडे असेल तर गटारात मैला वाहत नाही, तळाशी साचतो. घरात गेलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येते, असा हिशेब धरतात. तेव्हा ही दोन कामे एकाच आराखड्यात बसतात, दोन स्वतंत्र निविदांत नव्हे.

खोदकामाचाही क्रम आहे. गटार उताराने वाहते, म्हणून गावाच्या चढउताराची मोजणी आधी हवी. ते सर्वांत खोल, पाण्याचा नळ त्याच्यापासून दूर व वरच्या पातळीवर, आणि रस्ता शेवटी. प्रत्यक्षात डांबरी रस्ता प्रथम होतो, पुढल्या वर्षी तो नळासाठी उकरतात आणि कधीतरी गटारासाठी पुन्हा. शेजारी शेजारी पुरलेल्या नळ्यांत दिवसातले काही तासच पाणी असले, तर उरलेला वेळ रिकामा नळ फटींतून भोवतालची घाण आत ओढून घेतो. २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथील काही भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला, त्यामागे सोयीबरोबर हेही कारण होते: सतत दाब असलेल्या नळात बाहेरचे पाणी शिरत नाही.

ज्या गावात गटारे नसत तेथे मैला जात नसे असे नाही. तो माणसांच्या डोक्यावरून जात असे. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या जीवनमानाची चौकशी करण्यास बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. टोपल्या, गळणारे डबे, वारसाहक्काने चालत आलेले घाणीचे काम, हे सारे त्या काळी मुंबई राज्यातल्या लहानमोठ्या नगरपालिकांचे नित्याचे चित्र होते, आणि आजचा बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. नळासाठी निवेदने देणाऱ्या गावकऱ्यांच्या मागणीत या टोपलीचा उल्लेख क्वचितच असे. ही प्रथा कायद्याने बंद करण्यास १९९३ साल उजाडले, आणि २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला. सेप्टिक टँकमध्ये उतरून गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या आहेत.

मुंबईला पुढे चुकांमधून शहाणपण आले. महानगरपालिकेचे अभियंते मोडक यांनी आल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ साली बृहन्मुंबईच्या वाढीचा आराखडा मांडला. वैतरणेवरील मोडकसागर हा जलाशय त्यांच्याच नावाचा. वस्ती कोठे वाढावी हे आधी ठरवून मग तिच्या सोयी आखाव्यात, ही दृष्टी त्या आराखड्यात होती. तोवर विहारच्या पहिल्या नळाला अठ्ठ्याऐंशी वर्षे होऊन गेली होती.

संकेश्वरसारख्या गावाला तेवढी वर्षे थांबण्याचे कारण नाही. गाव अजून आटोपशीर आहे. हमरस्त्याकडे नवे भूखंड पडत असताना नकाशावर गटाराची रेघ आधी ओढणे आणि नदीच्या खालच्या अंगाला मैलाशुद्धीसाठी जागा राखून ठेवणे, याला खर्च थोडा लागतो. घरे उभी राहिल्यावर तोच अनेक पटींनी वाढतो. हिरण्यकेशी येथे थांबत नाही. संकेश्वरने तिच्यात जे सोडावे ते घटप्रभेत जाते, आणि घटप्रभेच्या वाटेवर पुढे गोकाक आहे.