कूतच्या वेढ्यातील मराठा शिपाई : खंदकातील दैनंदिन जीवन आणि शिध्याचा प्रश्न

पहिल्या महायुद्धातील खंदकांचा विषय निघाला की अभ्यासकाचे लक्ष साहजिकच फ्रान्स व फ्लँडर्सकडे वळते. महाराष्ट्राचा संबंध तेथेही आलाच होता. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 व 21 क्रमांकांच्या कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात 47 व्या शीख पलटणीबरोबर लढल्या व त्यांची जबर हानी झाली. परंतु मराठा पलटणींचा खंदकांशी दीर्घ आणि दारुण परिचय झाला तो युरोपात नव्हे, तर तैग्रिस नदीच्या काठी. प्रस्तुत लेखात कूत-अल्-अमारा येथील वेढ्याचा (7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916) विचार करावयाचा आहे. तोही सेनापतींच्या हालचालींच्या अंगाने नव्हे, तर शिपायाच्या रोजच्या जगण्याच्या अंगाने.

सहावी डिव्हिजन ही पुण्याची. तिच्यात 103 वी व 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि 117 वी मराठा पलटण अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागांतील शेतकरी कुटुंबांतील तरुण हे त्यांचे मुख्य मनुष्यबळ. पुण्याहून मुंबई बंदराकडे जाणारा लोहमार्ग कल्याण जंक्शनवरून जातो. मोहने-आंबिवलीपासून हाकेच्या अंतरावरील या मार्गाने किती शिपाई समुद्राकडे गेले असतील, याची आज त्या परिसरात फारशी आठवण उरलेली नाही. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोन येथे बगदादचा मार्ग रोखला गेला, आणि जनरल टाउनशेंड यांची थकलेली फौज 3 डिसेंबरला कूतला परतली. चार दिवसांत वेढा पूर्ण झाला.

कूत हे नदीच्या वळणातील एक द्वीपकल्प. त्याची उघडी उत्तर बाजू खंदकांनी बंद करावयाची होती. दिवसा डोके वर काढण्याची सोय नसल्यामुळे काम रात्री चाले. पहिले काही दिवस शिपाई लढत होता त्यापेक्षा अधिक खणत होता. नदीवरून पाणी आणणे हे तर साक्षात प्राणसंकट. पलीकडच्या तीरावरील नेमबाजांना भिस्ती हे आयते लक्ष्य मिळे. युद्धाच्या इतिहासांत या पखालवाल्यांना क्वचितच जागा मिळते, पण त्यांच्यावाचून खंदक एक दिवसही टिकला नसता. 24 डिसेंबरला तुर्कांनी ईशान्येकडील मातीच्या किल्ल्यावर तोफा डागून भिंती पाडल्या व पायदळ आत घुसविले. त्या रात्री तेथे 103 वी मराठा, 119 वी इन्फन्ट्री व ऑक्सफर्डशायर पलटण यांनी हातघाईची लढाई केली. मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत दारू ठासून केलेले बाँब हे वेढ्यातील एक हत्यार होते.

यानंतर मोठा हल्ला झाला नाही. उरली ती थंडी, चिखल, उवा, पिसवा आणि वाट पाहणे. जानेवारीत पाऊस लागला व तैग्रिस चढू लागली. 21 जानेवारीच्या सुमारास पुराचे पाणी पहिल्या ओळीच्या खंदकांत शिरले आणि ती ओळ सोडून मागे यावे लागले. तुर्कांनाही मागे हटणे भाग पडले. उल्हासकाठच्या माणसास नदी बांधात शिरते म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु येथे शेत वाचविण्याचा प्रश्न नव्हता. कमरेइतक्या गारठलेल्या पाण्यात बंदूक कोरडी ठेवून उभे राहावयाचे होते. त्याच 21 जानेवारीस सुटकेसाठी येणाऱ्या सैन्याचा हाना येथे पराभव झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. टाउनशेंड यांनी 1920 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस वेळीच खाल्ले असते तर कूत अधिक काळ टिकले असते, असा सूर लावला आहे. पुढील लेखकांनी तो बहुधा तसाच उचलला. हे मत तपासून घेणे अगत्याचे आहे.

नकाराची वस्तुस्थिती खरी आहे. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुज्ञा तारेने मागवूनही एप्रिलपर्यंत बहुसंख्य हिंदी शिपायांनी ते मांस घेतले नाही. पण त्यांनी दिलेले कारण पाहावे. गावी परतल्यावर आपणास जातीबाहेर टाकतील, मुलाबाळांची लग्ने होणार नाहीत, ही त्यांची भीती होती. मराठा शिपायास मांस वर्ज्य नव्हते; दसऱ्याला ज्याची पूजा होते त्या घोड्याचे मांस मात्र वर्ज्य होते. जिवंत परतण्याची आशा असलेला माणूसच अशी चिंता करतो. तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे हे आळशी इतिहासलेखन होय. शिवाय रोजचा धान्याचा शिधा पाच औंसांवर, म्हणजे जेमतेम बारा तोळ्यांवर आला, तेव्हा एप्रिलच्या मध्यास बहुतेकांनी नकार सोडलाही.

याहून महत्त्वाची बाब वैद्यकीय आहे. वेढ्यातील वैद्यकाधिकारी कर्नल हेहिर यांच्या निरीक्षणानुसार, मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांत बेरीबेरी दिसली, तर कोंड्यासकट दळलेली कणीक व जव खाणारे हिंदी शिपाई तिच्यापासून मुक्त राहिले. उलट, घोड्याच्या ताज्या मांसामुळे गोरे शिपाई स्कर्व्हीपासून बचावले आणि हिंदी शिपायांत सुमारे एक हजार जणांना ती जडली. हिरड्या सुजत, जुन्या जखमा भरून येत नसत. रानातला पाला भाजी म्हणून खुडला जाई. त्यातून काहींना विषबाधाही झाली.

येथवर टाउनशेंड यांना पुष्टी मिळते असे वाटेल. परंतु 1916 साली वेढ्याबाहेरील हिंदी सैन्यातही स्कर्व्हीचे हजारो रोगी निघाले. तेथे घोड्याच्या मांसाचा प्रश्नच नव्हता. दोष होता तो हिंदी शिपायाच्या शिध्यात. भाजीपाला व ताजे मांस यांची त्यात पुरेशी तरतूदच नव्हती. 1917 च्या मेसोपोटेमिया आयोगाने हिंदुस्थान सरकारच्या एकूण व्यवस्थेवर जे ताशेरे ओढले, त्यांच्या प्रकाशात हे पाहिले पाहिजे. कूतमध्ये शिरला तो शिपाईच मुळात कमी पोसलेला होता.

दुसरे असे की, अन्न दोन महिनेच पुरेल हा टाउनशेंड यांचा पहिला अंदाज चुकीचा होता. घरोघर झडती घेतल्यावर जवाचा मोठा साठा हाती लागला. तो दळण्यासाठी जात्याच्या तळ्या विमानातून टाकाव्या लागल्या. त्या चुकीच्या अंदाजामुळे सुटकेच्या सैन्याने अपुऱ्या तयारीने घाई केली. शेख साद, वादी, हाना, दुजैला, सन्नय्यात या लढायांत मिळून सुमारे 23,000 माणसे मेली वा जखमी झाली. हा हिशेब मांडल्यावर पतनाचे खापर शिपायाच्या ताटावर फोडणे कठीण जाते.

29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 लोक शरण गेले. त्यांना उन्हाळ्याच्या कडाक्यात वाळवंटातून चालवीत नेण्यात आले; अनेक हिंदी कैद्यांना रास-अल्-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले गेले. वाटेत व छावण्यांत हजारो दगावले. वाचलेले 1918 च्या तहकुबीनंतर परतू लागले. 117 व्या पलटणीस पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली.