शिक्षेनंतरचे शस्त्र : अमेरिकन विधीच्या इतिहासातील एक प्रकरण

अपराध्याच्या हातचे शस्त्र राज्यसत्तेने काढून घ्यावे, यात कोणाही समंजस माणसास नवल वाटणार नाही. ज्याने हत्याराचा दुरुपयोग केला त्याच्या हाती ते पुन्हा न देणे, ही साधी सावधगिरी होय. परंतु तोच मनुष्य शिक्षा भोगून घरी आला, दहावीस वर्षे निमूटपणे संसार करीत राहिला, म्हणजे ते शस्त्र त्यास परत मिळावे काय? मिळावयाचे तर ते कोणी, कोणत्या कसोटीवर द्यावे? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतच झालेला असल्यामुळे तेथे या प्रश्नास विशेष धार आली आहे. त्याचा इतिहास वाचताना आपणांस शिक्षेच्या शेवटाविषयी काही विचार करणे भाग पडते.

या इतिहासाचा आरंभ दुसऱ्या दुरुस्तीच्याही आधी, मॅसॅच्युसेट्स संस्थानात होतो. स्वातंत्र्ययुद्ध संपले होते. कर आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली पश्चिम भागातील शेतकरी पिचून गेले होते. १७८६ साली त्यांनी न्यायालयांची कामे बंद पाडण्यास सुरुवात केली. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा युद्धात कॅप्टन म्हणून लढलेला होता. २५ जानेवारी १७८७ रोजी बंडखोर स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तेथे तोफांच्या माऱ्यापुढे त्यांची फळी फुटली आणि पुढच्या महिन्यात बंड मोडले. त्यानंतर विधिमंडळाने जो कायदा केला त्यात सामान्य बंडखोरांस क्षमा देऊ केली होती. मात्र त्यांनी शस्त्रे सरकारजमा करावी, निष्ठेची शपथ घ्यावी, आणि तीन वर्षे मतदान, सरकारी पद व ज्यूरीचे काम यांपासून दूर राहावे, अशा अटी होत्या. तीन वर्षे शांततेने पार पडली म्हणजे शस्त्रे ज्याची त्यास परत द्यावयाची, हेही त्याच कायद्यात लिहिले होते. ही न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा नव्हे, क्षमेची अट होती, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तथापि राज्य उलथू पाहणाऱ्यांचे शस्त्र काढून घेतानाच ते परत करण्याची मुदत नेमून दिली गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यानंतर दीडशे वर्षे हा विषय बहुतांशी संस्थानांच्या हाती राहिला. मध्यवर्ती सरकारने त्यात हात घातला तो १९३८ साली. त्या वर्षीच्या कायद्याने खून, अपहरण, घरफोडी यांसारख्या हिंसक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांस एका संस्थानातून दुसऱ्यात शस्त्र नेण्याची वा तसे आलेले स्वीकारण्याची बंदी केली. १९६१ साली या कायद्यातील हिंसक गुन्ह्याची अट गळाली. एक वर्षाहून अधिक कारावास होऊ शकेल असा कोणताही गुन्हा बंदीस पुरेसा ठरला. खुनी आणि खोटा हिशेब लिहिणारा हे दोघेही अशा रीतीने एका पंक्तीस बसले. परत येण्याची वाट मात्र कायद्यात कोठेच नव्हती.

ती वाट निघाली ती एका कंपनीकरिता. विंचेस्टर ही नामांकित बंदूक बनविणारा कारखाना त्या वेळी ऑलिन मॅथिसन या मोठ्या रासायनिक कंपनीचा एक भाग होता. या कंपनीने परदेशी औषधे पाठविण्याच्या व्यवहारात केलेल्या लाचलुचपतीबद्दल १९६५ साली न्यायालयात दोष कबूल केला. कायद्याच्या दृष्टीने कंपनी हीही एक व्यक्तीच. अपराधी ठरलेल्या व्यक्तीस बंदुकांचा व्यापार कसा करता येणार? कारखाना बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तेथील मध्यवर्ती विधिमंडळाने, कायद्यात एक कलम घातले. अर्जदारापासून सार्वजनिक सुरक्षिततेस धोका संभवत नाही आणि त्यास सूट देणे लोकहिताविरुद्ध नाही, अशी अर्थसचिवाची खात्री पटल्यास बंदी उठविता येईल, असे ठरले. कलम कंपनीसाठी आले, पण त्याचा लाभ माणसांसही खुला झाला.

१९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. त्या वर्षी ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांची सही झालेल्या कायद्याने बंदी अधिक कडक केली, तरी सुटकेचे ते कलम कायम ठेवले. १९८६ साली त्याची व्याप्ती वाढली, आणि अर्ज नाकारला गेल्यास मध्यवर्ती जिल्हा न्यायालयात दाद मागण्याची सोय झाली. त्याच वर्षी दुसरीही एक वाट आखली गेली. अपराध्यास क्षमा मिळाली असेल, किंवा त्याचे नागरी हक्क परत दिले गेले असतील, तर, तसे करताना शस्त्राची मनाई स्पष्टपणे राखून ठेवलेली नसल्यास, तो दोष बंदीसाठी धरावयाचा नाही.

ही दुसरी वाट वरवर सरळ दिसते, पण तिचीही वळणे चमत्कारिक निघाली. संस्थानाने परत दिलेले नागरी हक्क मध्यवर्ती न्यायालयातील दोषास लागू पडत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ठरविले; असा दोष असणाऱ्यास या वाटेने जाता येईना. २००७ साली त्याच न्यायालयापुढे याहून विलक्षण प्रकरण आले. ज्याचा गुन्हा इतका किरकोळ की मतदानादी हक्क कधी काढलेच गेले नाहीत, त्याचे काय? न्यायालय म्हणाले, जे गेलेच नाही ते परत मिळाले असे म्हणता येत नाही. सबब बंदी कायम. अधिक गमावलेल्यास जी सवलत मिळू शकते ती कमी गमावलेल्यास मिळू नये, असा हा न्याय होता. शब्दार्थाच्या दृष्टीने तो बिनचूक असेलही.

दरम्यान पहिल्या वाटेवरचा दरवाजाही बंद झाला होता, आणि तोही कलम रद्द न करता. अर्जांची चौकशी मद्य, तंबाखू व अग्निशस्त्रे यांचे खाते करीत असे. या कामी दरवर्षी सुमारे ४० माणसांचे वर्षभराचे श्रम खर्ची पडतात, असे सिनेटच्या समितीने १९९२ साली नमूद केले. अर्जदार पुन्हा अपराध करणार नाही हे कागदपत्रांवरून ठरविणे अवघड, आणि अंदाज चुकल्यास त्याची किंमत निरपराध नागरिकास मोजावी लागणार, ही समितीची चिंता खोटी नव्हती. सूट मिळालेल्यांपैकी काही जण पुन्हा पकडले गेल्याची उदाहरणे होतीच. काँग्रेसने त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात अशी अट घातली की या अर्जांच्या चौकशीवर पैसाच खर्च करावयाचा नाही. पुढे ती दरवर्षी चालू राहिली. लवकरच तिला एक अपवाद जोडला गेला : कंपन्यांच्या अर्जांची चौकशी करण्यास हरकत नाही. जे कलम कंपनीमुळे जन्मास आले ते अखेर कंपनीपुरतेच उरले.

या अवस्थेचे हृद्य चित्र टेक्ससमधील एका बंदूकविक्रेत्याच्या प्रकरणात दिसते. १९९८ साली तो जेवणासाठी सीमेपलीकडे मेक्सिकोत गेला असता त्याच्या गाडीत सुमारे २०० काडतुसांची पेटी राहून गेलेली सापडली, आणि तेथील न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. मायदेशी येऊन त्याने अर्ज केला. खात्याने पैशाच्या मनाईकडे बोट दाखवून तो न तपासताच परत पाठविला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने निर्णय दिला की अर्ज न तपासणे म्हणजे नाकारणे नव्हे, आणि नकार नाही तर न्यायालयात दादही नाही. २००५ साली त्याच न्यायालयाने, परकीय न्यायालयातील दोष या बंदीसाठी धरावयाचा नाही, असे दुसऱ्या एका प्रकरणात ठरविले!

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले, पण अपराध्यांवरील जुन्या बंदीस धक्का लावला नाही. २०१९ साली एमी कोनी बॅरेट यांनी, त्या अपील न्यायालयात असताना, भिन्नमतपत्रात म्हटले की इतिहासात शस्त्र काढून घेतले गेले ते धोकादायक माणसांचे. केवळ दोषी ठरला एवढ्यावरून नव्हे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने इतिहास हीच शस्त्रविषयक निर्बंधांची कसोटी ठरविली, आणि शेजच्या बंडानंतरचा तो कायदा वकिलांच्या टेबलावर पुन्हा आला. पेनसिल्व्हेनियातील एका गृहस्थाने १९९५ साली अन्नसाहाय्य मिळविण्यासाठी उत्पन्न कमी दाखविले होते. त्यास आयुष्यभर निःशस्त्र ठेवता येणार नाही, असे तेथील अपील न्यायालयाने २०२४ साली पुनश्च ठरविले. अन्य काही अपील न्यायालयांचे मत याच्या उलट पडले. मार्च २०२५ मध्ये न्यायखात्याने अर्जांचे काम त्या जुन्या खात्याकडून काढून घेतले, आणि एप्रिलमध्ये काही व्यक्तींचे हक्क परत दिले. दारावर पुन्हा द्वारपाल आला; पण तो शासनाच्या मर्जीने आला, आणि मर्जीने आलेला मर्जीने जाऊही शकतो.

आपल्या देशात शस्त्र हा घटनादत्त हक्क नाही. तो परवान्याचा विषय आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्याचे जोखड घालून गोऱ्यास मोकळे ठेवले, त्याची सल आपल्या पूर्वजांनी अनुभवली होती. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला. हिंसा किंवा नैतिक अधःपात यांचा समावेश असलेल्या गुन्ह्याबद्दल कारावास झालेल्यास शिक्षा संपल्यावर पाच वर्षे शस्त्र धारण करता येत नाही, असे त्याच्या नवव्या कलमात आहे. त्यानंतरही परवाना मिळेलच असे नाही. परंतु नाकारावयाचा तर सामान्यतः कारण लिहून ठेवावे लागते आणि त्यावर अपीलही करता येते. एक दिवस असा येतो की त्या माणसाचा अर्ज इतर कोणाही माणसाच्या अर्जाप्रमाणे तपासावा लागतो.

अपराध्याच्या हाती पुन्हा बंदूक द्यावी की न द्यावी, याविषयी प्रामाणिक मतभेद राहणारच. ज्याच्या घरी गोळीने मरण आले आहे त्याच्या भयाची थट्टा कोणी करू नये. परंतु देणार नसाल तर तसे सांगावे, आणि का ते सांगावे. अर्ज स्वीकारण्याचे कलम पुस्तकात ठेवून तो उघडून पाहणाऱ्याचा पगार मात्र बंद करणे, हा नकाराहून वाईट प्रकार होय. १७८७ सालच्या बंडखोर शेतकऱ्यास आपली बंदूक कोणत्या वर्षी परत मिळणार हे ठाऊक होते. दोन शतकांनंतर खोटा हिशेब लिहिलेल्या त्याच्या देशबांधवास ते ठाऊक नव्हते.