साडेबारा हजार पौंडांची मर्यादा

यंत्रांचा इतिहास लिहिणारे संशोधकाचे नाव सांगतात, इंजिनाची शक्ती सांगतात, वेग सांगतात. ज्या नियमाच्या चौकटीत त्या यंत्राला जन्म घ्यावा लागला, तो नियम मात्र सांगावयाचा राहून जातो. आमचा व्यवसाय कायद्याचा असल्यामुळे आमची नजर प्रथम तिकडेच जाते. व्यापारी मंडळींच्या प्रवासासाठी निघालेल्या 'लियरजेट २३' या छोट्या जेट विमानाची कथा म्हणूनच आम्हांस सांगण्याजोगी वाटते.

या विमानाचे जनक विल्यम लियर हे अमेरिकन गृहस्थ. विमानांची स्वयंचालक यंत्रे बनवून त्यांनी नाव मिळविले होते. पुढे ते स्वित्झर्लंडमध्ये राहू लागले. तेथे 'पी-१६' नावाचे लढाऊ विमान १९५५ साली प्रथम उडाले होते आणि सरकारने शंभर विमानांची मागणीही मंजूर केली होती; परंतु मार्च १९५८ मध्ये त्याचा एक नमुना कॉन्स्टन्स सरोवरात कोसळला आणि ती मागणी रद्द झाली. सरकारने टाकलेल्या या विमानाच्या पंखाची मजबूत बांधणी लियर यांच्या मनात भरली. यावरून लियरजेट म्हणजे वेषांतर केलेले लढाऊ विमानच, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी जुना कोरीव खांब नव्या सभामंडपात उभा करावा, तसा हा पंख आला. धड सर्वस्वी नवे होते.

१९६२ मध्ये लियर यांनी आपला कारखाना अमेरिकेत, कॅन्सस राज्यातील विचिटा येथे हलविला. तेथील नियमांनुसार १२,५०० पौंडांपर्यंत (सुमारे ५,६७० किलो) वजनाचे विमान लहान विमानांच्या सौम्य कलमांखाली प्रमाणित होई. त्यापुढे मोठ्या वाहतूक विमानांची कडक कलमे लागू होत. आधीची जेटस्टार व सेबरलायनर ही विमाने या रेषेच्या बरीच पलीकडची. लियर यांनी नेमके १२,५०० पौंड धरून विमान आखले. त्यामुळे आतील दालन इतके ठेंगणे झाले की प्रवाशाला वाकूनच जागेवर जावे लागे. इंजिनेही हलकीच निवडली. त्यांचा मूळ लष्करी अवतार शत्रूच्या रडारला चकविणाऱ्या 'क्वेल' या बनावट लक्ष्यासाठी घडला होता.

७ ऑक्टोबर १९६३ रोजी विमान उडाले. ४ जून १९६४ रोजी सरकारी चाचणी चालू असताना पंखावरील वायुरोधक झडपा उघड्याच राहिल्या आणि पहिला नमुना शेतात उतरून जळून गेला. सुदैवाने माणसे बचावली. विम्याची रक्कम मात्र तंगीत आलेल्या कंपनीच्या उपयोगी पडली! ३१ जुलैला प्रमाणपत्र मिळाले.

आमच्या मते खरा प्रश्न येथून पुढचा आहे. नियमाचे अक्षर पाळले गेले होते. पण तो नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पंख्याची सावकाश चालणारी विमाने होती. त्या विमानांवर हात बसलेल्या वैमानिकांच्या ताब्यात आता जेटचा वेग आला. पहिल्या काही वर्षांत अपघात झाले, माणसे दगावली. सर्व दोष नियमाचा असे आम्ही म्हणणार नाही. तथापि पुढचे 'लियरजेट २४' १९६६ मध्ये मोठ्या विमानांच्या कलमांखाली प्रमाणित करून घेतले गेले, ही गोष्ट बोलकी आहे. पक्ष्याच्या धडकेस टिकणारी काच आणि इंजिनांतील आग विझविण्याची सोय त्यात आली. शंभराहून थोडी अधिक 'तेवीस' बनवून ते थांबविण्यात आले.

'लियरजेट २५' चे धड सव्वा मीटरने लांबले. १९७३ मध्ये उडालेल्या 'पस्तीस'ला कमी इंधन खाणारी, कमी गोंगाटाची टर्बोफॅन इंजिने मिळाली. 'अठ्ठावीस'च्या पंखांना टोकाच्या टाक्यांऐवजी उभी पाती आली. १९७९ मध्ये त्याच विमानातून नील आर्मस्ट्राँग यांनी विक्रम केले. कंपनी १९६७ मध्ये गेट्स यांच्याकडे व १९९० मध्ये बॉम्बार्डियरकडे गेली. शेवटचे लियरजेट २०२२ मध्ये ग्राहकाच्या हाती पडले.

जुन्या 'तेवीस'ची गाठ दरम्यान आणखी एका वजनाच्या रेषेशी पडली होती. २०१२ च्या अमेरिकन कायद्याने ७५,००० पौंडांपर्यंतच्या गोंगाटी जेट विमानांना ३१ डिसेंबर २०१५ नंतर अलास्का व हवाई सोडून देशात उडण्यास मनाई केली. इंजिनांना आवाज दाबणारी जोड बसवावी, की विमान कायमचे जमिनीवर ठेवावे, एवढेच मालकांच्या हाती राहिले.